गॅलॅक्सचा वाद्यमेळा

ऑगस्ट महिन्याचा दुसरा आठवडा आला, की गॅलॅक्स गावातल्या फेल्ट्‌स पार्क या मैदानावर तंबू उभे राहू लागतात. दूरदूरच्या गावांहून मोटारी येतात. काही मोटारी तर चाकांवरच्या लहानशा घरासारख्या असतात. त्यांतून आजोबा उतरतात, आई-बाबा उतरतात, मुले उतरतात. कोणाच्या हातात लांबट पेटी असते, कोणाच्या पाठीवर गोल पिशवी. पेटीत फिडल असते, पिशवीत बँजो. आठवडाभर या मैदानावर सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत वाद्ये वाजत राहतात.

हे गॅलॅक्स गाव आहे अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ भागात. आपल्या सह्याद्रीसारखीच तेथे एक लांबच लांब डोंगररांग आहे. तिचे नाव ब्लू रिज, म्हणजे निळी रांग. दुरून पाहिले, की ती खरोखरच निळसर दिसते. गावाची वस्ती जेमतेम साडेसहा-सात हजार. आपल्याकडच्या एखाद्या बाजारगावाएवढी! गॅलॅक्स हे नावही मोठे मजेदार आहे. ते एका रानटी झुडपाचे नाव आहे. त्याची पाने गोलसर, तकतकीत आणि बारा महिने टिकणारी. थंडीत ती तांबूस होतात. पूर्वी तेथील गरीब लोक रानात हिंडून ही पाने गोळा करत आणि शहरांतील फुलवाल्यांसाठी आगगाडीने पाठवत. गावाला नाव मिळाले ते या पानांवरूनच.

येथे दरवर्षी जो मेळा भरतो, त्याला जुन्या फिडलवादकांचा मेळा म्हणतात. तो १९३५ साली सुरू झाला. २०२० साली करोनाच्या साथीमुळे तो भरला नव्हता. अशा प्रकारच्या मेळ्यांत तो फार जुना आणि फार मोठा मानला जातो. आता हे फिडल कोणते, बँजो कोणता आणि ती वाजवणारी माणसे कोण, ते पाहू.

फिडल म्हणजे दुसरे काही नाही, आपल्या ओळखीचे व्हायोलिनच. मोठ्या सभागृहात वाजले की व्हायोलिन, आणि डोंगरातल्या अंगणात वाजले की फिडल, एवढाच काय तो फरक! अर्थात वाजवण्याची रीत निराळी असते. फिडलवादक गज असा झटक्याझटक्याने फिरवतो, की ऐकणाऱ्याची पावले आपोआप ताल धरतात. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या देशांतून सुमारे अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी पुष्कळ लोक या डोंगरांत राहायला आले. येताना त्यांनी फिडल आणले.

बँजो म्हटले, की तुमच्या डोळ्यांसमोर आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो येईल. टाइपरायटरसारखी बटणे असलेले ते वाद्य वेगळे. अमेरिकेतला बँजो कसा असतो? एक डफ घ्या. त्याला लांब दांडी जोडा. दांडीवरून डफाच्या कातड्यावर पाच तारा ताणा. झाला बँजो! या पाच तारांतली एक तार आखूड असते. अंगठ्याने ती पुन्हा पुन्हा छेडतात. तिचा सूर बदलत नाही. पोवाडा चालू असताना शाहिराच्या मागे तुणतुण्याचा एकच सूर कसा सतत वाजत असतो, तसेच हे काम.

हा बँजो मात्र युरोपातून आला नाही. तो आला आफ्रिकेतून. पण तो सुखाने आला नाही. गोऱ्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतील लाखो माणसांना पकडून जहाजांत कोंबले आणि अमेरिकेत नेऊन गुलाम म्हणून विकले. त्या माणसांजवळ सामानसुमान काहीच नव्हते. पण आपल्या गावची वाद्ये कशी घडवायची, हे त्यांच्या लक्षात होते. भोपळा पोखरून, त्यावर कातडे ताणून आणि दांडी बसवून त्यांनी नव्या देशात पुन्हा वाद्य केले. त्यातूनच पुढे बँजो घडला. फिडल गोऱ्या लोकांचे, बँजो काळ्या लोकांचा. दोन्ही वाद्ये डोंगरात एकत्र आली आणि त्यांच्या जोडीने एक नवीनच संगीत जन्मले.

त्या काळी डोंगरातली गावे एकमेकांपासून दूर होती. रस्ते वाईट होते. करमणुकीला दुसरे साधन नव्हते. कणसे सोलायची असली, की शेजारीपाजारी एका घरी जमत. काम संपले, की खोलीतले सामान बाहेर काढत, फिडलवाला कोपऱ्यात बसे आणि नाच सुरू होई. वाजवणारा कोणी मोठा कलावंत नसे. दिवसभर सगळ्यांबरोबर राबलेला तोही एक शेतकरीच असे. वाजवण्याचे पैसे मिळावेत, हे त्याच्या मनातही येत नसे.

मग शंभर वर्षांपूर्वी एक नवलाची गोष्ट घडली. गॅलॅक्सजवळ फ्राइज नावाचे गाव आहे. तेथे नदीकाठी कापडाची गिरणी होती. त्या गिरणीत हेन्री व्हिटर नावाचा कामगार होता. तो गिटार आणि तोंडाने वाजवायचा बाजा, दोन्ही एकाच वेळी वाजवून गाणी म्हणत असे. १९२३ साली तो थेट न्यूयॉर्क शहरात गेला आणि ग्रामोफोनच्या कंपनीत जाऊन गायला. त्याची तबकडी निघाली. डोंगरातल्या दुकानांत ती वाजू लागली.

ती अर्नेस्ट स्टोनमन नावाच्या सुताराने ऐकली. स्टोनमन हाही गॅलॅक्सच्या बाजूचाच. त्याला वाटले, ‘अरे, याच्यापेक्षा मी चांगला गातो!’ त्याने कंपन्यांना पत्रे लिहिली आणि १९२४ च्या सप्टेंबरात तोही न्यूयॉर्कला पोहोचला. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरचे त्याचे गाणे १९२५ साली लोकांसमोर आले आणि खूप गाजले.

त्याच सुमारास गॅलॅक्समधल्या एका केस कापण्याच्या दुकानात काही मित्र जमत. दुकान टोनी ऑल्डरमन यांचे. ते फिडल वाजवत. जॉन रेक्टर नावाचे दुकानदार बँजो वाजवत. अल हॉपकिन्स आणि त्यांचे भाऊ ज्यो यांची त्यांना साथ मिळाली. १९२५ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, ही मंडळी न्यूयॉर्कला गेली. ध्वनिमुद्रण झाले. कंपनीच्या माणसाने विचारले, की तुमच्या ताफ्याचे नाव काय लिहू? नाव ठेवलेलेच नव्हते! तेव्हा अल हॉपकिन्स म्हणाले, की आम्ही आपले डोंगरातले हिलबिली, वाटेल ते नाव लिहा. कंपनीने ‘हिल बिलीज’ हेच नाव छापून टाकले.

हिलबिली हा शब्द आपल्याकडच्या ‘गावंढळ’ या शब्दासारखा. शहरातले लोक डोंगरातल्या माणसांना तो हिणवण्यासाठी वापरत. ऑल्डरमन यांना हे नाव मुळीच रुचले नाही. घरचे लोक काय म्हणतील, अशी त्यांना धास्ती वाटली. परंतु तबकड्या खपल्या, आणि पुढे कितीतरी वर्षे त्या सगळ्या संगीतालाच लोक ‘हिलबिली संगीत’ म्हणू लागले. ज्या शब्दाने हिणवले, तोच शब्द दुकानाच्या पाटीवर चढला! तरीही त्या शब्दातला बोच गेला नाही. आजही कोणी बाहेरचा माणूस तो शब्द सहज वापरू लागला, तर डोंगरातल्या पुष्कळांना ते आवडत नाही.

हे चांगले दिवस फार टिकले नाहीत. १९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, लोकांच्या हाताला काम उरले नाही. ज्याला भाकरीची चिंता, तो तबकडी कशाला विकत घेईल? स्टोनमन कुटुंबाचे घरदार गेले. १९३२ साली ते मुलाबाळांना घेऊन पोटासाठी वॉशिंग्टन शहराकडे निघून गेले. तेथे अनेक वर्षे त्यांना हलाखीत काढावी लागली. त्यांना एकंदर तेवीस मुले झाली. त्यांतली तेरा जगली आणि मोठी झाली. घरात खायला पुरेसे नसे, पण वाद्ये असत. ही मुले ऐकून ऐकूनच वाजवायला शिकली. पुढे त्यांचाच एक ताफा झाला आणि १९६७ साली त्याला देशातला मानाचा पुरस्कार मिळाला. तेव्हा वडील सत्तरी ओलांडून गेले होते आणि मुलांबरोबर मंचावर उभे राहत होते.

गॅलॅक्सचा मेळा सुरू झाला तो याच मंदीच्या काळात. गावात ‘मूस लॉज’ नावाचे एक सेवाभावी मंडळ नुकतेच स्थापन झाले होते. त्याला निधी हवा होता. सभासदांनी विचार केला, की गावोगावच्या वादकांना बोलावू, स्पर्धा ठेवू आणि तिकीट लावू. नाच-गाण्यांच्या जुन्या बैठकी तोवर कमी होऊ लागल्या होत्या. रेडिओ आला होता आणि रेडिओवर शहरातली नवी गाणी वाजत होती. जुन्या चाली म्हाताऱ्या वादकांबरोबर जातील, ही काळजी सभासदांच्या मनात होती. १९३५ साली पहिली स्पर्धा झाली. लोकांनी ती उचलून धरली. आजही हेच मंडळ मेळा भरवते.

मेळ्याचे नियम साधे, पण कडक आहेत. विजेवर चालणारे वाद्य चालत नाही. वाद्य तारांचेच हवे. चाल जुनी, परंपरेने आलेली हवी. काल-परवा कोणी रचलेले गाणे चालत नाही. प्रत्येक स्पर्धकाला मोजकी मिनिटे मिळतात. फिडल, बँजो, गिटार, मँडोलिन, डल्सिमर अशा प्रत्येक वाद्याची स्पर्धा वेगळी. डल्सिमर हे मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे लांबट वाद्य आहे. गॅलॅक्सच्या परिसरात त्याच्या सगळ्या तारा एकाच सुरात लावतात आणि पक्ष्याच्या पिसाच्या देठाने छेडतात. मधमाश्यांच्या पोळ्यातून यावा, तसा त्याचा गुंजारव येतो.

शिवाय नाचाचीही स्पर्धा असते. तिला फ्लॅटफूट म्हणतात. त्यात नाचणारा पाऊल जमिनीपासून फारसे उचलतच नाही. वरचे अंग जवळजवळ स्थिर असते. फक्त टाच आणि चवडा लाकडी फळीवर असे काही वाजतात, की वेगळ्या ढोलकीची गरजच राहत नाही. ऐंशी वर्षांच्या आजीबाई आणि आठ वर्षांची नात, दोघीही या नाचात शोभून दिसतात.

परंतु खरा मेळा पाहायचा असेल, तर मंचाकडे पाठ फिरवून तंबूंमध्ये शिरावे. तेथे कोणी परीक्षक नसतो. दोन तंबूंच्या मध्ये चार खुर्च्या मांडलेल्या असतात. एकजण फिडल लावतो. शेजारच्या तंबूतला अनोळखी माणूस बँजो घेऊन येतो. एकमेकांचे नाव विचारण्याआधी ते चालीचे नाव विचारतात. ‘ही येते का?’ ‘येते.’ बस्स! वादन सुरू होते. पाच मिनिटांत तेथे सात-आठ माणसे होतात. एखादा मुलगा त्या घोळक्याच्या कडेला उभा राहून वाद्य हळू आवाजात वाजवत असतो. त्याला ती चाल पुरती येत नसते. तो दुसऱ्याच्या बोटांकडे टक लावून पाहतो आणि जमेल तेवढे वाजवतो. चाल वीस वेळा फिरून येते. विसाव्या वेळी त्यालाही ती आलेली असते. त्याला कोणी फळ्यावर लिहून दिलेले नसते. तेथे नऊ वाजता रात्र पडून मेळा रंगात आलेला असतो, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडून साडेसहा झालेले असतात. तुम्ही दात घासत असता, तेव्हा ती मुले बँजो शिकत असतात.

गोंधळ्याचा मुलगा संबळ कसा शिकतो? वडिलांच्या मागे उभा राहून. जात्यावरची ओवी मुलीला कोण शिकवते? आई म्हणते आणि मुलगी ऐकते. डोंगरातली ही विद्याही तशीच हातातून हातात आणि कानातून कानात गेलेली आहे. म्हणून एकच चाल या खोऱ्यात एक वळण घेते आणि पलीकडच्या खोऱ्यात दुसरे. जाणकार माणूस चार सुरांत ओळखतो, की हा वादक कोणत्या गावचा. मात्र अशा विद्येला एक मोठा धोका असतो. ती वहीत लिहिलेली नसते. मधली एक पिढी शिकली नाही, तर दोरा तुटतो.

हा दोरा तुटता तुटता राहिला, त्याचे एक उदाहरण सांगतो. गॅलॅक्सच्या दक्षिणेला, नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या हद्दीत टोस्ट नावाचे खेडे आहे. होय, टोस्ट! तेथे टॉमी जॅरेल नावाचे गृहस्थ राहत. त्यांचा जन्म १९०१ चा. घरच्या शेतावर कामाला असलेल्या एका गड्याकडून ते लहानपणी बँजो शिकले. त्यांचे वडील बेन हे नावाजलेले फिडलवादक होते. त्यांच्याकडून टॉमी फिडल शिकले. पुढे त्यांनी रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यात नोकरी धरली. रस्त्याची माती सपाट करणारे मोठे यंत्र ते चालवत. चाळीस वर्षे त्यांनी हेच काम केले. फिडल बरेचसे बाजूलाच पडले होते.

१९६६ साली ते नोकरीतून निवृत्त झाले. लवकरच त्यांची पत्नी वारली. घर सुनेसुने झाले. त्यांनी फिडल पुन्हा हातात घेतले. इकडे शहरांतील काही तरुण जुन्या तबकड्या ऐकत होते. या चाली वाजवणारे कोणी जिवंत आहे का, याचा ते शोध घेत होते. शोधता शोधता ते टोस्टला येऊन पोहोचले. टॉमींनी त्यांना घरात घेतले, जेवू घातले आणि समोर बसवून वाजवायला शिकवले. मग एकामागून एक मुले येऊ लागली. कोणी आठवडाभर राहू लागले. परदेशांतूनही लोक आले. टॉमींनी कोणाला नाही म्हटले नाही. १९८२ साली अमेरिकेच्या सरकारने लोककलावंतांना राष्ट्रीय सन्मान द्यायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत टॉमी जॅरेल होते. १९८५ साली ते वारले. त्यांचे फिडल आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पण त्यांचा गज फिरवण्याचा ढंग संग्रहालयात नाही. तो गॅलॅक्सच्या तंबूंमध्ये दरवर्षी ऐकू येतो.

वाजवणाऱ्यांइतकेच वाद्ये घडवणारेही या डोंगरात आहेत. वेन हेंडरसन हे त्यांतले एक. रग्बी या अगदी लहानशा वस्तीत १९४७ साली त्यांचा जन्म झाला. त्यांच्या शेजारी ई. सी. बॉल नावाचे गृहस्थ दुकान चालवत आणि शाळेची बसही चालवत. बॉल यांच्याकडे एक उत्तम गिटार होती. छोट्या वेनला तशी गिटार हवी होती. पण पैसे कोठून आणायचे? त्याने स्वतःच गिटार करायला घेतली. घरातल्या कपाटाच्या खणाचा पातळ तळ काढून त्याने लाकूड मिळवले आणि रबरी चिकटपट्ट्यांचा डिंक वापरून ते जोडले. गिटार तर झाली! पण हवा तापली आणि डिंक सुटून तिचे तुकडे तुकडे झाले.

वडील रागावले नाहीत. त्यांनी मुलाला अल्बर्ट हॅश यांच्याकडे नेले. हॅश कारखान्यात यंत्रांवर काम करत आणि घरी फिडल घडवत. त्यांनी मुलाचे तुटके काम पाहिले, त्याला कौतुकाचे शब्द ऐकवले आणि चांगले लाकूड कोणते, डिंक कोणता, हे समजावून दिले. वेन घरी आला आणि पुन्हा कामाला लागला.

मोठेपणी वेन हेंडरसन टपाल खात्यात पोस्टमन झाले. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी डोंगरातल्या वस्त्यांवर टपाल वाटले. टपाल वाटून झाले, की ते आपल्या कामाच्या खोलीत जात आणि गिटार घडवत. नुसत्या चाकूने लाकूड कोरण्यात त्यांचा हात धरणारा क्वचितच कोणी असेल. वादनातही ते तितकेच तरबेज. गॅलॅक्सच्या मेळ्यात गिटारीचे पहिले बक्षीस त्यांनी अनेक वेळा पटकावले आहे. १९९५ साली त्यांनाही तो राष्ट्रीय सन्मान मिळाला. त्यांच्या गिटारींना एवढी मागणी, की लोक वर्षानुवर्षे थांबतात. इंग्लंडचे जगप्रसिद्ध गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनाही सुमारे दहा वर्षे थांबावे लागले! शेजारच्या मुलाला मात्र कधी कधी लवकर मिळून जाते, असे लोक हसत सांगतात.

त्यांची मुलगी जेन कायद्याचे शिक्षण घेऊन घरी आली. शिक्षणाचे कर्ज डोक्यावर होते. तिने बाबांना म्हटले, ‘मला एक गिटार करून द्या. ती विकून मी कर्ज फेडते.’ बाबा म्हणाले, ‘मी मदत करतो, पण गिटार तू स्वतः कर.’ तिने ती केली. त्या कामाची तिला इतकी गोडी लागली, की आता तीही वाद्ये घडवते. दूरच्या देशांतले जंगल तोडून आणलेले लाकूड वापरण्यापेक्षा आपल्याच परिसरातले लाकूड वापरण्याकडे तिचा ओढा आहे.

या डोंगरी संगीताचा दुसरा दोरा जवळजवळ तुटलाच होता. तो म्हणजे काळ्या वादकांचा. बँजो त्यांचा, हे आपण पाहिले. काळी माणसे फिडलही उत्तम वाजवत. परंतु १९२० नंतरच्या काळात ग्रामोफोन कंपन्यांनी माल विकण्यासाठी दोन कप्पे केले. डोंगरी फिडल-बँजो म्हणजे गोऱ्यांचे संगीत, आणि काळ्यांनी वेगळ्या प्रकारची गाणी गायची. त्यामुळे काळ्या फिडलवादकांच्या तबकड्या फार थोड्या निघाल्या. पन्नास-साठ वर्षांनी लोक म्हणू लागले, ‘बँजो? तो तर गोऱ्यांचा.’ घरच्याच माणसाचे नाव घराच्या पाटीवरून पुसले गेले!

नॉर्थ कॅरोलिनातल्या मेबेन गावी ज्यो थॉम्प्सन नावाचे वृद्ध गृहस्थ राहत. जन्म १९१८ चा. ते काळे होते. लाकडी सामानाच्या कारखान्यात काम करून त्यांनी संसार केला. त्यांच्या घराण्यात फिडल आजोबांपासून चालत आले होते, आणि आजोबा गुलामगिरीत जन्मलेले होते. २००५ साली रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तीन तरुण त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. दर गुरुवारी संध्याकाळी ते मेबेनला जात. ज्यो तेव्हा शहाऐंशी वर्षांचे होते. काही वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. तरी ते खुर्चीत बसून फिडल वाजवत आणि मुले त्यांच्यामागून वाजवत. या तरुणांनी आपला ताफा काढला. २०११ साली त्यांना ग्रॅमी हा संगीताचा मोठा पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी ज्यो थॉम्प्सन वारले. आज या तरुणांमुळे कितीतरी काळ्या मुलामुलींनी पुन्हा बँजो हाती घेतला आहे.

मुलांना ही विद्या शाळेतच का शिकवू नये, असा विचार अल्बर्ट हॅश यांच्याही मनात आला होता. व्हाइटटॉप डोंगराजवळ माउंट रॉजर्स नावाची एक छोटीशी शाळा होती. १९८२ साली हॅश, थॉर्नटन स्पेन्सर आणि त्यांच्या पत्नी एमिली यांनी तेथील मुलांना फिडल, बँजो आणि गिटार शिकवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी हॅश वारले. पण स्पेन्सर पतिपत्नींनी वर्ग चालू ठेवला. इतर शाळांत बिगूल-ढोलांचे बँडपथक असते, या शाळेत तारवाद्यांचे पथक होते. मुले कमी होत गेली आणि २०१० साली ती शाळा बंद झाली.

त्याआधीच, २००० साली, गॅलॅक्सपासून जवळच असलेल्या स्पार्टा गावच्या प्राथमिक शाळेत हेलन व्हाइट यांनी असाच वर्ग सुरू केला होता. त्या शाळेत मुलांना सल्ला व मार्गदर्शन करण्याचे काम करत आणि स्वतः फिडल वाजवत. त्यांच्या लक्षात आले, की शेजारच्या घरात थोर वादक राहतो, आणि मुलांना त्याचे नावही ठाऊक नाही! त्यांनी अशा वादकांनाच शाळेत बोलावले. शाळा सुटल्यावर वर्ग भरे. कागदावरचे सूर वाचायचे नाहीत, ऐकून वाजवायचे, हा तेथला नियम. ज्या मुलांकडे वाद्य नसे, त्यांना ते वापरायला मिळे. हे वर्ग आज अनेक राज्यांतील डोंगरी गावांत चालतात. हेलन व्हाइट २०१९ साली वारल्या.

गॅलॅक्स गावावरही अलीकडे कठीण दिवस येऊन गेले. लाकडी पलंग, कपाटे, टेबले बनवणारे कारखाने हा गावाचा मोठा आधार होता. परदेशातून स्वस्त सामान येऊ लागले, तसे २००० सालानंतर एकेक करून कित्येक कारखाने बंद पडले. हजारो हातांचे काम गेले. तरुण कामासाठी बाहेर पडले. मागे काय उरले, याचा लोक विचार करू लागले, तेव्हा त्यांना आपले संगीत दिसले. व्हर्जिनिया राज्याने २००४ साली डोंगरातल्या संगीताच्या गावांना जोडणारा पाचशे किलोमीटरांहून लांब असा एक मार्ग जाहीर केला. त्याला ‘वाकडी वाट’ असे नाव दिले. गॅलॅक्स त्या वाटेवर आहे. संगीत ऐकायला प्रवासी येतात, गावात जेवतात, मुक्काम करतात. त्याने कारखान्यांची भरपाई होत नाही, पण गावाला थोडा हातभार लागतो.

मेळ्याचा सोमवार हा मुलांचा असतो. त्या संध्याकाळी मोठ्यांनी मंचावर चढायचे नाही. मंचामागे मुलांची रांग लागते. कोणाचे फिडल अजून अर्ध्या मापाचे असते. कोणाचा बँजो त्याच्या गुडघ्यापर्यंत पोहोचतो. एखादी मुलगी रांगेत उभ्या उभ्याच बोटे फिरवून पाहत असते. खुंटी सैल झाली, तर मागचा मुलगा आपल्या वाद्याचा सूर देऊन तिची तार लावून देतो. तो तिचा स्पर्धक असतो, पण ते त्या वेळी कोणाच्या ध्यानात नसते. मग तिचे नाव पुकारले जाते. ती मंचावर जाते, चालीचे नाव सांगते, टाचेने चार ठोके देते आणि गज उचलते.